रोकडे "हो" म्हणाले

अंजना रोकडे ही काही मुळातली भांडखोर बाई नव्हे. एकाहत्तर साली वांगणीकडच्या एका गावातून लग्न होऊन ती आली, तेव्हा कुणी तिच्या पायावर पाय दिला तरी हीच त्याला "लागलं का हो?" विचारायची. पण नवरा मिळाला बबन रोकडे. आता बबन रोकड्यांबरोबर संसार करायचा तर तोंड चालवावंच लागतं, त्याला अंजना तरी काय करणार?

रोकडे मुलगी बघायला आले तेव्हाचीच गोष्ट घ्या. अंजनाची मावशी कौतुकानं म्हणाली, "पोरगी फार शांत आहे." रोकडे म्हणाले, "कशावरून?" झालं! मावशीला एवढ्या वर्षांत हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. लग्नातही तेच. वंदना सुरू व्हायची वेळ झाली, बौद्धाचार्यांनी हात जोडले, आणि नवरदेव घड्याळ पुढे करून म्हणाले, "पत्रिकेत साडेअकरा छापलंय. अजून पाच मिनिटं आहेत." पाच मिनिटं दोनशे माणसं हात जोडून उभी राहिली.

नोकरीही अशी लागली, की जणू त्यांच्यासाठीच काढली होती. अंबरनाथला पितळी नळ बनवणाऱ्या एका कारखान्यात रोकडे तपासनीस होते. दिवसाला दोन-अडीचशे नळ हातात घ्यायचे, फिरवायचे, कानाशी धरायचे, आणि खोट दिसली की लाल रंगाचा ठिपका मारून बाजूला टाकायचे. संध्याकाळी घरी येताना रंगाचा ब्रश तेवढा कारखान्यात राहायचा. बाकी सगळं बरोबर यायचं.

पहिले दोन महिने अंजनानं प्रत्येक गोष्टीला "हो" म्हणून बघितलं. रोकडे सुकायला लागले. भाकरी अर्धी टाकायचे. एक दिवस वैतागून म्हणाले, "तू माझं ऐकतच नाहीस."

"अहो, ऐकते म्हणून तर हो म्हणते ना?"

"हो म्हणणं म्हणजे ऐकणं नव्हे!"

त्याच आठवड्यात रोकडे सहज म्हणाले, की आपल्या लग्नात जेवणाला वांग्याची भाजी होती. अंजनाचा त्या दिवशी संयम सुटला. "वांगं नव्हतं. दुधी होता." रोकड्यांचा चेहरा असा उजळला की विचारू नका. तासभर दोघं वांगं आणि दुधीवरून भांडली आणि त्या रात्री रोकडे दोन भाकऱ्या जास्त जेवले. अंजनाला तेव्हा कळलं ते कळलं. बाकीच्यांना वाटायचं हा माणूस भांडतो. हा भांडत नव्हता. सोबत मागत होता. त्याला दुसऱ्या पद्धतीनं मागता येत नव्हती, एवढंच.

तर हे असं बावीस वर्षं चाललं. मुलगी झाली, शिकली, लग्न होऊन भुसावळला गेली. बदलापूरला बेलवलीत सोळा खोल्यांच्या बिल्डिंगमध्ये दोघं राहायला आली आणि वांगं-दुधीचा निकाल काही लागला नाही.

बिल्डिंगचे सेक्रेटरी होते विष्णुपंत, निवृत्त पोस्टमास्तर. रोकड्यांनी त्यांच्या नाकी नऊ आणले होते. गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीला झाकण कसलं बसवायचं, या एका मुद्द्यावर तीन वर्षं सभा चालल्या होत्या आणि टाकी उघडीच होती. शेवटी त्र्याण्णव सालच्या एका रविवारी विष्णुपंतांनी सगळ्यांना आधी बोलावून पढवून ठेवलं, "आज रोकडे जे म्हणतील त्याला आपण हो म्हणायचं. बघू काय करतात."

सकाळी नऊला सभा सुरू झाली. रोकडे उठले. "झाकण लोखंडी पाहिजे, कुलपासकट."

"मंजूर," सगळे म्हणाले.

रोकडे थबकले. "अहो, पण लोखंड गंजतं!"

"मंजूर."

"मग सिमेंटचं करा!"

"मंजूर."

"सिमेंटचं उचलणार कोण? तुम्ही, विष्णुपंत? तुमची कंबर तरी सरळ होते का?"

"मंजूर," म्हणाले विष्णुपंत, आणि तेही हसून.

रोकड्यांचा चेहरा लाल झाला. समोर पंधरा माणसं, आणि वाद घालायला एकही नाही! त्यांनी तोंड उघडलं, दोन्ही हातांनी मानेच्या मागची बाजू धरली, "आई गं, डोकं फुटलं" म्हणाले, आणि सतरंजीवर कोसळले.

मग जी पळापळ झाली ती काय वर्णावी. राजाबाई म्हणून तळमजल्यावर एक बाई होत्या, त्यांना कुणीही पडलं की फिटच आलेली वाटायची. त्यांनी कांदा फोडून रोकड्यांच्या नाकाला लावला, दुसऱ्या कुणी चप्पल आणली. रोकडे डोळे मिटूनच पुटपुटले, "कांदा नासका आहे." राजाबाईंनी हुंगून बघितला. खरंच नासका होता. अंजना मात्र नवऱ्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. बावीस वर्षांत या माणसानं डोकं दुखतं म्हणून एकदाही सांगितलं नव्हतं.

नाक्यावरचे डॉक्टर चिंतामणी पाच मिनिटांत आले. उलटी झालेली बघितली, डोळ्यांत बॅटरी मारली, मान वाकवून बघितली, तर मान लाकडासारखी ताठ. त्यांनी विचारलं, "आयुष्यात असं डोकं कधी दुखलं नव्हतं ना?"

"आयुष्य अजून संपलंय का?" रोकडे म्हणाले.

डॉक्टरांनी अंजनाला बाजूला घेतलं. मेंदूच्या बाहेरून जाणारी नस फुटल्यासारखी वाटते, म्हणाले, मेंदूभोवती रक्त साचत असणार. इथे काही होणार नाही. मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात, आणि आत्ता. डोकं थोडं उंच, धक्का अजिबात नको. "आणि एक लक्षात ठेवा. त्यांना खवळू देऊ नका. रक्तदाब चढला आणि नस परत फुटली, तर माणूस हाती लागायचा नाही. ते म्हणतील त्याला हो म्हणा."

नस फुटली ते अंजनाला कळलं. पण हो म्हणायचं? या माणसाला?

गावात ॲम्ब्युलन्स होती एक, ती कर्जतकडे गेलेली. पण विष्णुपंतांचं नशीब बघा. त्याच सकाळी उल्हासनगर कॅम्प दोनमधून त्यांचा नवा दिवाण घेऊन टेम्पो आला होता. गुबगुबीत फोमचा, वर प्लास्टिक तसंच. विष्णुपंतांच्या बायकोनं त्यावर अजून नवऱ्यालाही बसू दिलं नव्हतं. पण विष्णुपंतांना मनातून खात्रीच पटली होती, की रोकड्यांची नस आपल्या "मंजूर"नंच फुटली. ते डोळे पुसत म्हणाले, "दिवाणासकट न्या!"

असे रोकडे टेम्पोत चढले. दिवाण दोरीनं आवळून बांधला, उशाला अंजना, पायथ्याशी विष्णुपंत आणि राजाबाई. टेम्पोवाला रघु कॅम्प दोनच्या फर्निचरवाल्याकडे कामाला, काचेच्या कपाटांना ओरखडा न पडता पोचवणारा गडी. "वहिनी, टेन्शन नका घेऊ. अपुन शोकेस समजून नेतो."

आणि खरंच त्यानं तसंच नेलं. पण अंबरनाथ यायच्या आत रोकड्यांनी एक डोळा उघडला आणि दिवाणाच्या कडेवर बोट फिरवलं. "शिवण वाकडी आहे."

"बरोबर आहे, रोकडेसाहेब," विष्णुपंत म्हणाले.

"फोम हलका आहे. वर्षात बसेल."

"अगदी बरोबर, भाऊ," राजाबाई म्हणाल्या.

"खाली आंब्याचं फळकूट मारलंय आणि सागवान म्हणून विकलंय."

"सही बोला अंकल," रघु पुढून ओरडला, "पण सेठला सांगू नका."

अंजना नवऱ्याकडे बघत होती. कपाळावरची शीर टरारली होती. श्वास जोरात. प्रत्येक "बरोबर"ला त्यांची मूठ आवळत होती. ती वाकली आणि कानाशी हळूच, पण ठासून म्हणाली, "काही वाकडीबिकडी नाही शिवण. चांगली सरळ आहे. तुमचेच डोळे फिरलेत."

"वहिनी!" विष्णुपंत किंचाळले. "डॉक्टर काय म्हणाले!"

"सरळ?" रोकडे म्हणाले. "तुला दोरा तरी ओवता येतो का?"

"येतो. आणि सागवानच आहे."

"वास घे त्याचा."

"घेतला. सागवान."

मूठ सुटली. शीर बसली. राजाबाई तोंडाला पदर लावून विष्णुपंतांना म्हणाल्या, "नवरा मरणाच्या दारात, आणि ही बया भांडतेय बघा!" अंजनाला ऐकू गेलं. तिला रडू फुटत होतं, पण रडायला लागली तर भांडणार कोण? उल्हासनगर गेलं, कल्याण गेलं, ती एकेका खिळ्यावरून, एकेका टाक्यावरून त्यांच्याशी कुजबुजत भांडत राहिली. मुंबईत पोचेपर्यंत तिचा घसा बसला होता. रोकडे शुद्धीवर होते.

हॉस्पिटलात दिवाण आत घ्यायला तयार होईनात. ते प्रकरण सोडून देऊ. तपासायला आला एक तरुण डॉक्टर, झोप न मिळालेला. रोगी भानावर आहे का बघायला त्यानं ठरलेले प्रश्न विचारले.

"नाव?"

"कागदावर लिहिलंय. वाचता येत नाही का?"

"आत्ता कुठे आहात?"

"हे मला विचारता? तुम्हीच इथे कामाला ना?"

"आज वार कोणता?"

"रविवार. तुम्ही वर शनिवार लिहिलाय."

डॉक्टरनं कागदावर लिहिलं, की रोगी गोंधळलेला व चिडखोर. अंजना म्हणाली, "अहो डॉक्टर, ते एकदम ठीक आहेत. वार बघा तुमचा." त्यानं बघितलं. शनिवारच लिहिला होता. त्यानं खोडून रविवार केला, पण गोंधळलेला तसंच ठेवलं.

डोक्याचा फोटो काढला. चिंतामणी डॉक्टरांचं निदान अचूक निघालं. नसेला फुगवटा आला होता, तो फुटून मेंदूभोवती रक्त पसरलं होतं. मोठे डॉक्टर म्हणाले, सकाळी नसेचा नकाशा काढू, मग डोकं उघडून फुगवट्याच्या तोंडाला चिमटा बसवू. तोपर्यंत अंधारी खोली, शांतता, आणि रक्तदाब खाली.

आता शांतता म्हणजे काय, यावर हॉस्पिटलचं आणि अंजनाचं एकमत होईना. भेटायच्या वेळेला निम्मी बिल्डिंग आली. सगळे पायथ्याशी उभे राहून रोकड्यांच्या प्रत्येक वाक्याला माना हलवायला लागले आणि रक्तदाब भराभर चढला. सरस्वती सिस्टर म्हणून एक वयस्क परिचारिका ड्यूटीवर होत्या. त्यांनी सगळ्यांना हाकललं, अंजनालाही. दाब उतरेना. अंजना दारातून म्हणाली, "सिस्टर, मला दहा मिनिटं भांडू द्या."

"काय?"

"हळू भांडते. आवाज नाही करत."

सिस्टरांनी पंचवीस वर्षांत नातेवाइकांच्या नाना मागण्या ऐकल्या होत्या, ही नव्हती ऐकली. पण बाई हुशार. म्हणाल्या, भांड, मी दाब मोजते. अंजना बसली आणि म्हणाली, "आपल्या लग्नात दुधीच होता." रोकडे म्हणाले, "वांगं." दहा मिनिटांत दाब वीसनं उतरला. सिस्टरांनी परत एकदा करून बघितलं. परत उतरला. मग त्यांनी त्या तरुण डॉक्टरकडून कागदावर लिहूनच घेतलं. औषधांच्या यादीत शेवटी ओळ आली, की पत्नीस जवळ बसू द्यावे, दर तासाने सौम्य मतभेद चालू ठेवावा. पुढच्या पाळीच्या सिस्टरनं ती वाचली आणि मुकाट्यानं समोर बरोबरची खूण केली. सरकारी कागद तो, त्यावर लिहिलंय म्हटल्यावर लिहिलंय.

सकाळ झाली. रोकड्यांना दहाला न्यायचं होतं. साडेआठच्या सुमाराला अंजना तोंड धुऊन आली आणि तासाचा मतभेद द्यायला बसली. "दुधीच होता हो."

रोकडे तिच्याकडे बघत होते. डोळे अर्धे मिटलेले. म्हणाले, "हो. दुधीच होता."

अंजना पुढे वाकली. ती म्हणाली, "काय म्हणालात?"

"तुझं बरोबर आहे."

ती जी ओरडत सुटली! वॉर्डातले बाकीचे रोगी उठून बसले. तो तरुण डॉक्टर चहाचा कप घेऊन धावत आला. "काय झालं?"

"हो म्हणाले! माझं बरोबर आहे म्हणाले!"

"अहो बाई," डॉक्टर म्हणाला, "नवरा कबूल झाला म्हणून कोणी बोंब मारतं का? आराम पडलाय त्यांना."

"आराम नाही पडला! ते जातायत! तुम्हाला कळत नाही, बावीस वर्षांत हा माणूस हो म्हणाला नाहीये!" तिनं त्याच्या हातातला कप काढून घेतला आणि त्याचं मनगट धरून त्याला खाटेशी ओढलं. तो बावरून खिशातली बॅटरी काढून रोकड्यांच्या डोळ्यांत मारायला लागला. एक बाहुली आकसली. दुसरी मोठी ती मोठीच राहिली. त्याचा चेहरा पांढरा पडला.

पुढची वीस मिनिटं अंजनाला नीट आठवत नाहीत. खाट धावत गेली, एवढं आठवतं. रक्तानं वाट अडवून डोक्यात पाणी तुंबत होतं. आधी कवटीला भोक पाडून नळीनं पाणी काढलं, मग डोकं उघडून नसेला चिमटा बसवला. सहा तास. मोठे डॉक्टर बाहेर आले ते सरळ तिच्याकडे. "बाई, अर्ध्या तासानं कळलं असतं तर काही हातात नव्हतं. तुम्ही वाचवलंत त्यांना." अंजना त्यांच्या पायाशीच बसली.

रोकडे वाचले. चौथ्या दिवशी डोळे उघडले, आठव्या दिवशी पेज प्यायले, महिन्यानं स्वतःच्या पायांनी बेलवलीला आले. हात चालतो, पाय चालतो, नाव-गाव सगळं आठवतं. बिल्डिंगनं पेढे वाटले. विष्णुपंतांनी विचारलं, "कसं वाटतंय, रोकडेसाहेब?"

"छान वाटतंय."

"झाकण सिमेंटचं बसवलं हो आपण."

"छान केलंत."

विष्णुपंतांना भरून आलं. "ऑपरेशननं माणूस किती सुधारला," ते जिन्यात राजाबाईंना म्हणाले. आणि सुधारलेच म्हणायचे. कारखान्यानं परत घेतलं, तर पहिल्या दिवशी रोकड्यांनी अडीचशेच्या अडीचशे नळ पास केले. साहेबांनी त्यांना फाटकावर बसवलं. तिथं जो येईल त्याला "या" म्हणायचे. शेवटी कँटीनमध्ये कुपनं फाडायला दिली. बिल्डिंगच्या सभा दहा मिनिटांत संपायला लागल्या, आणि मग भरायच्याच बंद झाल्या, कारण लोक खरे यायचे ते रोकड्यांना ऐकायला. भुसावळहून मुलीचा फोन आला विष्णुपंतांकडे. "आई, बाबा किती गोड बोलतात गं आता!"

अंजनाला कुणाला सांगायची सोय नव्हती. सांगणार काय? नवरा भांडत नाही? लोक यासाठी नवस बोलतात! तिनं सगळे उपाय करून बघितले. आमटीत मीठच घातलं नाही. "छान झालीय." मीठ दोनदा घातलं. "छान झालीय." एकदा तर ती चिडून म्हणाली, आपल्या लग्नात श्रीखंड होतं, हत्ती होता, इंग्रज आले होते. रोकडे म्हणाले, "हो का? असतील." सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. इथे सुंभ धडधाकट होता आणि पीळच गेला होता. रात्री ती त्यांच्या शेजारी पडून राहायची, आणि ते इतके शांत झोपायचे की तिला त्यांचा राग यायचा. मग रागाची लाज वाटायची. जिवंत आहेत, अंजने, ती स्वतःला म्हणायची, जिवंत आहेत.

सहा महिन्यांनी तपासणीला बोलावलं होतं. मोठ्या डॉक्टरांनी हात वर करायला लावले, चालायला लावलं, फोटो बघितला. "उत्तम! काही तक्रार?"

"काही नाही," रोकडे म्हणाले.

"आहे," अंजना म्हणाली. "वाद घालत नाहीत."

डॉक्टर हसले, मग तिचं तोंड बघून थांबले. म्हणाले, नस फुटली ती जागा मेंदूच्या पुढच्या भागाजवळची. कधी कधी स्वभावात फरक पडतो.

"परत येईल का?"

"थोडाफार येईल. नाहीही यायचा. पण बाई, माणूस तर हाती लागला ना?"

ती हो म्हणाली. दुसरं काय म्हणणार? डॉक्टरांनी काहीच चूक केली नव्हती. तिनंही नाही.

बाहेर आवारात सिमेंटचं बाकडं होतं. रोकड्यांनी तिच्या हातातली पिशवी घेतली. "दमली असशील. बस जरा. तू म्हणशील तेव्हा निघू." बावीस वर्षांत त्यांनी तिला असं कधी विचारलं नव्हतं. नवी नवरी असताना हेच एक वाक्य ऐकायला ती किती झुरली होती! आणि आता ते आलं, तर म्हणणारा तो नव्हताच. अंजना बाकड्यावर बसली आणि तिला रडू आवरेना. पदर तोंडात कोंबून ती हुंदके द्यायला लागली. येणारे-जाणारे थांबून बघायला लागले. कुणाचं कोण गेलं म्हणून एका म्हातारीनं विचारलंसुद्धा.

थोड्या वेळानं तिनं वर बघितलं, तर रोकडेही रडत होते. पिशवी मांडीवर घेऊन, ताठ बसून, घळाघळा.

तिच्या जिवात एकदम आशा आली. तिनं त्यांचा दंड धरला. "अहो, तुम्हाला काय झालं? तुम्ही का रडता? सांगा ना मला, का रडता?"

"तू रडतेस ना," रोकडे डोळे पुसत म्हणाले. "मग बरोबरच असेल."